आधी म्युनिक, मग बर्लिन

तुम्ही विचारलंय की मेच्या शेवटी तुम्हा दोघांना दहा दिवस जर्मनी करायचंय, सोबत 68 वर्षांची आई (पूर्ण शाकाहारी, गुडघे दुखतात) आणि अकरा वर्षांचा मुलगा, तर एक शहर घ्यावं की दोन, आणि कुणीतरी सांगितलंय की म्युनिक सुंदर आहे पण बर्लिन घाणेरडं, सगळ्या भिंती रंगवून ठेवलेल्या, तिथे दोन दिवस खूप झाले. मी 2009 पासून पुण्याहून दहा-बारा जणांचे छोटे ग्रुप जर्मनीला नेतोय, त्याआधी तीन वर्षं नोकरीसाठी म्युनिकलाच होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हा "बर्लिनला दोन दिवस खूप झाले" सल्ला सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःच लोकांना द्यायचो आणि तो चुकीचा होता हे मला आता पक्कं माहितीये.

उत्तर आधी सांगून टाकतो. दोन्ही शहरं घ्या, पण फक्त ही दोनच, तिसरं घुसवू नका. चार रात्री म्युनिक, पाच रात्री बर्लिन, आणि क्रम हाच ठेवा. विमान म्युनिकला उतरणारं आणि परतीचं बर्लिनहून असं काढा म्हणजे उलटा प्रवास वाचतो. क्रमाचा आग्रह का धरतोय ते पुढे येईलच.

म्युनिक हे पहिल्या दिवसापासून आवडणारं शहर आहे. मेमध्ये आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्हाला पहाटे चारलाच जाग येणार, आई तर नक्कीच उठून बसलेली असेल. झोपायचा प्रयत्न करत लोळत पडू नका, साडेपाचला उजाडलेलं असतं, सरळ मारिएनप्लाट्झला जा. जो चौक दुपारी माणसांनी फुलून जातो तो सकाळी साडेसहाला अगदी रिकामा असतो, फक्त बाजाराचे टेम्पो आणि रस्ता धुणारी गाडी. नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरचं घंटांचं घड्याळ अकराला आणि बाराला वाजतं, मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी पाचलासुद्धा, त्यातल्या बाहुल्या 1568 सालच्या एका राजघराण्यातल्या लग्नाचा सोहळा आणि खाली पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच करतात. मुलाला एकदा दाखवा, पण त्यासाठी अर्धा तास मान वर करून गर्दीत उभं राहण्याइतकं ते मोठं नाहीये, आईला तर अजिबात उभं करू नका.

त्या चौकाच्या मागेच सेंट पीटरचं चर्च आहे, तिथले लोक त्याला 'आल्टर पीटर' म्हणजे म्हातारा पीटर म्हणतात. मनोऱ्याला 306 पायऱ्या, लिफ्ट नाही, तेव्हा मुलगा आणि तुमच्यापैकी एकजण वर जा, दुसऱ्याने आईला घेऊन खाली बाजारात बसा. वर जाण्याआधी मुलाला एक गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात हे चर्च इतकं उद्ध्वस्त झालं होतं की ते पाडूनच टाकायचं जवळपास ठरलं होतं, गावातल्या लोकांनी वर्गण्या काढून ते वाचवलं. त्या काळात बव्हेरियाच्या (म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याच्या) रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे या मनोऱ्याबद्दलच्या एका जुन्या लोकगीताची धून वाजायची, आणि मनोरा पडलेला असेपर्यंत त्या धुनेतला शेवटचा सूर वाजवायचेच नाहीत, तसाच अर्धवट सोडून द्यायचे. मनोरा पुन्हा उभा राहिला तेव्हा तो सूर परत आला. मला म्युनिक समजलं ते या एका गोष्टीवरून. हे शहर जे पडलं ते होतं तसं परत उभं करतं. शेजारच्या फ्राउएनकिर्खे या मोठ्या चर्चचं छत कोसळलं होतं, आज बघितलं तर पत्ता लागत नाही. तिचे ते दोन कांद्याच्या आकाराचे मनोरे साधारण 99 मीटरचे, आणि 2004 मध्ये म्युनिककरांनी चक्क मतदान करून ठरवलं की यापुढे शंभर मीटरच्या वर इमारत बांधायची नाही. म्हणूनच आकाश स्वच्छ असलं की मनोऱ्यावरून दक्षिणेला आल्प्सची रांग दिसते, आणि फ्योन नावाचा कोरडा गरम वारा सुटला असेल तर डोंगर अगदी गावाबाहेर आल्यासारखे वाटतात.

आता खाण्याचं, कारण आईचा प्रश्न तिथेच आहे. म्युनिकच्या बिअर गार्डनबद्दल आपल्याकडे गैरसमज असतो की ते पिणाऱ्यांचंच ठिकाण. ती खरं तर घरचा डबा घेऊन बसायची जागा आहे. एकोणिसाव्या शतकात बिअर थंड ठेवायला तळघरं असायची, वर सावली पाहिजे म्हणून चेस्टनटची झाडं लावली (त्यांची मुळं खोल जात नाहीत, तळघराला धक्का लागत नाही), मग लोक तिथेच बसून प्यायला लागले. खानावळवाल्यांनी तक्रार केली, तर 1812 मध्ये राजाने तोडगा काढला की बिअर विका पण जेवण विकायचं नाही. तेव्हापासून लोक आपलं जेवण आपण आणतात, आणि आजही बव्हेरियातल्या बिअर गार्डनमधे ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ नाही तिथे स्वतःचं खाणं उघडून बसायची पूर्ण मुभा आहे, प्यायचं तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. आपफेलशोर्ले घ्या, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली एकावेळी सात हजार माणसं बसतात, तिथे शेजारच्या टेबलावरची बाई घरून आणलेले मुळे आणि चीज कापत असते आणि तुमच्या आई दशम्या आणि तिळाची चटणी काढतात, कुणी वळूनही बघत नाही. माझ्या एका ग्रुपमधल्या साताऱ्याच्या काकूंना चार दिवस बाहेरचं खाऊन खाऊन कंटाळा आला होता, त्या तिथे बसल्या, दशमी खाल्ली, आणि म्हणाल्या "हे बरंय हो, आपल्या शेताच्या बांधावर बसल्यासारखं वाटतंय." त्या दिवसानंतर त्यांची कुरकुर बंदच झाली.

फक्त काय न्यायचं ते नीट बघा, कारण मे महिना म्हणजे आपल्याकडे आंब्याचा हंगाम आणि हमखास कुणीतरी पेटीतला हापूस बॅगेत टाकतं. युरोपियन युनियनमधे आंबा तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय आणता येत नाही, आणि दुधाचे पदार्थ तर बाहेरच्या देशातून आणायला बंदीच आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खव्याच्या पोळ्या हे सगळं घरी ठेवा. कढीपत्त्याची डहाळीसुद्धा नको. कोरड्या चटण्या, तेलावरच्या दशम्या, चकल्या, मेतकूट, भाजणी हे बिनधास्त न्या. बाहेर खाताना केझश्पेट्झले (चीज घातलेल्या मऊ शेवया) शाकाहारी म्हणून सगळीकडे मिळतं पण त्या शेवयांत अंडं असतं, आईंना अंडं चालत नसेल तर ते बाद. ब्रेझे म्हणजे तो गाठ मारलेला खारा पाव साधारण ठीक असतो, तरी काही बेकऱ्या त्यात श्माल्झ म्हणजे डुकराची चरबी घालतात, काउंटरवर "ओने श्माल्झ?" एवढं विचारा, म्हणजे "श्माल्झशिवाय ना?", ते सांगतात. मेच्या शेवटी पांढऱ्या श्पार्गेलचा म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो, 24 जूनला तो संपतो, बटाट्याबरोबर आणि वितळलेल्या लोण्याबरोबर मागवा (हॅम नको म्हणून आवर्जून सांगा, नाहीतर बरोबर येतो). आमच्या ग्रुपमधल्या वयस्कर मंडळींना हा पदार्थ सगळ्यात जास्त आवडतो असा माझा अनुभव.

मुलासाठी डॉइचेस म्युझियम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय. इझार नदीतल्या बेटावर आहे, 1903 मध्ये स्थापन झालेलं, सध्या दुरुस्ती चालू असल्यामुळे एकच भाग उघडा आहे, पूर्ण 2028 मध्ये होणार म्हणतात, पण जेवढं उघडं आहे तेवढ्यालाही एक दिवस पुरत नाही. त्यांचाच वाहनांचा वेगळा विभाग ऑक्टोबरफेस्टच्या मैदानाजवळ आहे, जुन्या रेल्वे, बस, सायकली, तिथे गर्दी कमी असते आणि बसायला जागा भरपूर, आईंना तेच सोपं जाईल. चित्रांची आवड असेल तर रविवारी आल्टे पिनाकोठेकचं तिकीट फक्त एक युरो असतं. त्या इमारतीला बाहेरून दक्षिणेकडून बघाच, बॉम्बने पडलेला भाग हान्स ड्योलगास्ट नावाच्या आर्किटेक्टने साध्या उघड्या विटांनी भरून काढलाय, नक्षी पुन्हा केली नाही, त्यामुळे जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. आख्ख्या म्युनिकमधे माझी सगळ्यात आवडती भिंत ही.

नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा तुम्ही यादीत टाकलाय, तो मी तुमच्या जागी असतो तर काढला असता. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून त्याचं नाव अजूनच झालंय, पण म्युनिकहून जाऊन येऊन आख्खा दिवस जातो, खालून वर चढण आहे, आत पायऱ्याच पायऱ्या, आणि बघायला मिळतात जेमतेम तीस-पस्तीस मिनिटं. आईंच्या गुडघ्यांना हे करायला लावू नका. त्याऐवजी एस 6 लोकल पकडून श्टार्नबेर्गला जा, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तळंच आहे, बोटीत बसायचं, लांबवर आल्प्स दिसतात. तो राजवाडा बांधणारा राजा लुडविग दुसरा 1886 मध्ये याच तळ्यात मृतावस्थेत सापडला, तेव्हा राजाची गोष्ट हवी असेल तर तीही इथेच आहे.

आणि एक जागा जी यादीत नसते. ओडिओन्सप्लाट्झला फेल्डहेर्नहाले म्हणून तीन कमानींचा मंडप आहे, नाझी काळात तिथे पहारा असायचा आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने हात वर करून सलाम करायलाच लागायचा. ज्यांना करायचा नव्हता ते मागच्या व्हिस्कार्डीगासे नावाच्या छोट्या बोळातून वळून जायचे. त्या बोळात आज जमिनीतल्या दगडांत पितळी रंगाची एक वळणदार रेघ बसवलीये, त्या लोकांच्या पावलांसाठी. पाटी वगैरे ठळक काही नाही, माहिती नसेल तर कुणी त्यावरून चालत निघून जाईल. तिथून चालत वीसेक मिनिटांवर विद्यापीठ, ज्याच्या आवारात 18 फेब्रुवारी 1943 ला हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी हिटलरविरोधी पत्रकं टाकली आणि चारच दिवसांनी त्यांना मारण्यात आलं. दारासमोरच्या फरशीत ती पत्रकं वाऱ्याने पडल्यासारखी बसवलेली आहेत. अकरा वर्षांच्या मुलाला हे समजतं, मी बघितलंय, वाकून वाकून वाचायला लागतात. डाखाऊचा छळछावणीचा परिसर मात्र या वयाला मी सुचवणार नाही. तुम्हा दोघांना जायचं असेल तर एकेकाने जा, एस 2 ने डाखाऊ आणि पुढे 726 नंबरची बस, प्रवेश फुकट आहे, अर्धा दिवस ठेवा आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

म्युनिकहून बर्लिनला आयसीईने म्हणजे तिथल्या जलद रेल्वेगाडीने जा, विमानाच्या भानगडीत पडू नका. 2017 अखेर थुरिंगियाच्या डोंगरांतून नवा मार्ग झाल्यापासून सगळ्यात जलद गाडी साधारण चार तासांत पोचते. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर स्वस्त. 14 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात पण तिकीट काढताना त्यांची नोंद करावी लागते, हे लोक विसरतात. सीटचं रिझर्व्हेशन वेगळं असतं, ते जरूर करा, कारण त्याच सुमाराला बव्हेरियात शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि गाड्या भरून जातात. गाड्यांना उशीर हा आता तिथला रोजचा विषय आहे, तेव्हा पोचायच्या दिवशी संध्याकाळचं कुठलंही बुकिंग ठेवू नका, आणि तासाभराहून जास्त उशीर झाला तर पाव भाडं परत मागता येतं, दोन तासांच्या वर अर्धं.

आता बर्लिन. पहिल्या दिवशी तुम्हाला आवडणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. स्टेशनातून बाहेर पडलं की काचेच्या इमारती, मधेच मोकळी पडकी जागा, ग्राफिटी, कुठे सुरू होतं नि कुठे संपतं कळत नाही. म्युनिक 310 चौरस किलोमीटर, बर्लिन 891, म्हणजे मुंबईच्या दीडपट जागा आणि लोक अडतीस लाखांच्या आतच, त्यामुळे शहराला "मध्य" असा नाहीच. आणि म्हणूनच मी सुरुवातीला जे करायचो, म्हणजे दीड दिवसात बसमधून ब्रांडेनबुर्ग गेट, शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग करणाऱ्या भिंतीचा तुकडा, चेकपॉइंट चार्ली हे त्या भिंतीवरचं जुनं तपासणी नाकं, चला पुढे, त्याने कुणालाही बर्लिन कळलं नाही. लोक दमून यायचे आणि म्हणायचे म्युनिकच छान होतं. दोष बर्लिनचा नव्हता, माझ्या आखणीचा होता. एका वर्षी एका काकांची तब्येत बिघडली म्हणून आम्हाला तिथे तीन दिवस जास्त राहावं लागलं, यादी संपलेली होती, मग नुसते पायी फिरत राहिलो, आणि त्या ग्रुपने परत आल्यावर फक्त बर्लिनच्याच गोष्टी सांगितल्या. तेव्हापासून मी बर्लिनला पाच रात्रींच्या खाली येत नाही.

पहिल्या सकाळी झू स्टेशनहून सुरुवात करा. समोरच कैसर विल्हेल्म स्मारक चर्च. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा मनोरा तुटला, आणि बर्लिनने तो तसाच तुटका ठेवलाय, शेजारी 1961 मध्ये निळ्या काचांचं नवीन चर्च बांधलं. आत जाऊन पाच मिनिटं बसा, दुपारच्या उन्हात सुद्धा आत निळा अंधार असतो, आईंना आवडेल. चार दिवसांपूर्वी तुम्ही फ्राउएनकिर्खे बघितलेली असते, पूर्ण, डागविरहित, आणि आता हा दात तुटल्यासारखा मनोरा. म्हणून मी क्रमाचा आग्रह धरतो. म्युनिक आधी बघितलेलं असलं की बर्लिनची मोडतोड ही अस्वच्छता वाटत नाही, त्यांनी ती मुद्दाम झाकलेली नाही हे लक्षात येतं. उलट क्रमाने गेलेले माझे ग्रुप म्युनिकला येऊन सुटकेचा श्वास टाकायचे आणि बर्लिन विसरून जायचे.

तिथूनच 100 नंबरची डबल डेकर पकडा, साधंच तिकीट लागतं. वर पुढच्या काचेजवळ बसा, आईंना जिना चढवत नसेल तर खालीही खिडकी मिळते. विजयस्तंभ, संसद, ब्रांडेनबुर्ग गेटच्या जवळून, उंटर डेन लिंडेन, म्युझियम बेट करत अलेक्झांडरप्लाट्झला टीव्ही टॉवरखाली पोचते. भिंत पडल्यावर पूर्व आणि पश्चिम बर्लिन जोडणारी ही पहिली बस. जाऊन येऊन दोनदा करा, पहिल्यांदा नुसतं बघायला, दुसऱ्यांदा उतरत उतरत. संसदेच्या काचेच्या घुमटावर जाणं फुकट आहे पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, तारखा पक्क्या झाल्या की लगेच करा, पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका आणि मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. वर लिफ्टने जातात, घुमटाच्या आतला रस्ता उताराचा आहे, पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी न घाबरता जावं.

भिंत बघायची तर बेर्नाउअर श्ट्रासेला. ईस्ट साइड गॅलरीची म्हणजे भिंतीच्या एका उरलेल्या पट्ट्यावरची चित्रं फोटोंसाठी ठीक आहेत, चेकपॉइंट चार्लीला आता फक्त दुकानं उरलीत, पण भिंत म्हणजे काय होतं ते या एका रस्त्यावर कळतं. 13 ऑगस्ट 1961 ला तारा टाकल्या गेल्या तेव्हा या रस्त्यावरची घरं पूर्वेत आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत होता. लोक खिडक्यांतून खाली पश्चिमेत उड्या मारायचे, मग खिडक्या विटांनी बुजवल्या, मग घरंच पाडली. तिथे भिंतीचा मूळ तुकडा, मधली मोकळी पट्टी, टेहळणीचा मनोरा असं सगळं बघायला मिळतं, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ते वरून बघता येतं. याच पट्टीत एक चर्च अडकलं होतं, ते पूर्व जर्मनीच्या सरकारने 1985 मध्ये सुरुंग लावून उडवलं. भिंत पडली चारच वर्षांनी. आता त्याच जागी मातीच्या भिंतींचं एक लहान लंबगोल प्रार्थनाघर आहे, त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचा चुरा कालवलाय, आणि बाजूला जिथून पळणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडायचे तिथे राय नावाचं गव्हासारखं धान्य पेरतात. मेच्या शेवटी ते कमरेएवढं हिरवं असतं. लातूरच्या एक आजी तिथे ओंबी हातात धरून किती तरी वेळ उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मीही काही सांगायला गेलो नाही. प्रवेश फुकट आहे, दोन-अडीच तास द्या, मुलाला आधी एवढंच सांगून ठेवा की एका रात्रीत रस्त्याच्या मधोमध कुंपण घातलं तर आपल्या गल्लीतलं कोण कुठे राहिलं असतं.

चालताना खाली बघत चला. घरांच्या दारांसमोर फुटपाथमधे दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील, श्टॉल्परश्टाइन, शब्दशः ठेच लागायचा दगड. त्या घरातून ज्यांना ओढून नेलं त्यांचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. बर्लिनमधे असे हजारो आहेत. म्युनिकमधे मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते बसवायला महापालिकेची परवानगी नाही, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख यांचं म्हणणं असं की या माणसांची नावं पुन्हा पायाखाली यायला नकोत. त्यामुळे तिथे डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला सोनेरी पाट्या किंवा खांब लावतात. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतो, त्यामुळे मला सुरुवातीला म्युनिकचंच पटायचं. पण बर्लिनला लोक ते दगड वाकून स्वतःच्या हाताने घासून चकचकीत करताना बघितले आणि आता माझ्याच्याने ठरवता येत नाही. तुम्ही दोन्ही बघा आणि मुलाला विचारा त्याला कुठलं पटतं, त्यावर आमच्या ग्रुपमधे नेहमी जोरदार चर्चा होते.

म्युझियम बेटावरचं पेर्गामोन ऑक्टोबर 2023 पासून बंद आहे, एक भाग 2027 मध्ये उघडायचाय, बॅबिलोनची निळी इश्तार कमान 2037 च्या आधी नाही, तेव्हा जुनी माहिती वाचून तिथे जाऊन उभे राहू नका. नॉयेस म्युझियममधे नेफर्टिटीचा पुतळा आहे, तेवढं करा. समोर हुम्बोल्ट फोरमच्या बाहेर सांचीच्या तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, आई तिथे हमखास फोटो काढायला लावतील. मुलासाठी निसर्ग विज्ञान संग्रहालयातला तेरा मीटरहून उंच डायनोसॉरचा सांगाडा, आणि टेक्निक म्युझियम, जिथे कोनराड झुझेने आईवडिलांच्या घरात बनवलेल्या पहिल्या कॉम्प्युटरची त्याने स्वतःच पुन्हा बांधलेली प्रतिकृती आहे, आणि गच्चीवर 1948-49 च्या सोव्हिएत वेढ्यात बर्लिनला विमानातून अन्नधान्य पुरवणारं खरं विमान टांगलंय.

एक आपला असा पत्ता देतो जो कुठल्याच टूरमधे नसतो. यू 3 मेट्रोने डालेमला जा, फ्राय युनिव्हर्सिटेट स्टेशन, तिथे इहने श्ट्रासे 22. आज तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. 1920 च्या दशकाच्या शेवटी इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि आपल्या इरावती कर्वे इथे पीएचडी करत होत्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, युरोपियन लोकांच्या कवटीचा आकार वेगळा म्हणून बुद्धी वेगळी असं त्यांना सिद्ध झालेलं हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा काहीही फरक सापडत नाही असं लिहून दिलं, परदेशात, एकट्या असताना, स्वतःच्या गाइडच्या विरोधात. या संस्थेने पुढे नाझी काळात काय केलं त्याची पाटी दारावर आहे. शांत झाडांचा रस्ता आहे. मी प्रत्येक ग्रुपला तिथे नेतो, दहा मिनिटं थांबतो, आणि मराठी माणसाने बर्लिनला जाऊन तिथे न जाणं मला तरी बरोबर वाटत नाही.

बर्लिनमधे आईंच्या जेवणाची चिंता कमी आहे, फलाफल, व्हीगन, तुर्की, दक्षिण भारतीय सगळं मिळतं, मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो तिथे ओळखीच्या भाज्या दिसतील. छोट्या दुकानांत कार्ड घेत नाहीत, थोडी रोकड ठेवा. हॉटेल शार्लोटेनबुर्गला झाविग्नीप्लाट्झच्या आसपास बघा, भाग शांत आहे, लोकल जवळ आहे. म्युनिकला ओस्टबानहोफजवळ राहा म्हणजे विमानतळाची एस 8 थेट येते.

दोन्हीकडे रविवारी दुकानं बंद, आणि म्युनिकला रोज रात्री आठनंतरही बंद, बर्लिनला काही सुपरमार्केटं उशिरापर्यंत चालतात. पेंटेकॉस्टचा सोमवार मेच्या शेवटी येत असेल तर रविवार-सोमवार सलग दोन दिवस बंद असतं, दूध-फळं शनिवारीच आणून ठेवा. तिकिटाचं म्हणाल तर डॉइचलँड टिकीट (2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63) दोन्ही शहरांच्या बस-ट्राम-मेट्रोला चालतं, आयसीईला नाही, आणि ते दर महिन्याचं वर्गणीसारखं असतं, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द नाही केलं तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मेच्या शेवटी जाताय आणि जूनमधे परतताय तर दोन महिन्यांचं पडेल, त्यापेक्षा म्युनिकला चौघांचं ग्रुपचं दिवसाचं तिकीट आणि बर्लिनला सुटी तिकिटं परवडतात का ते आधी हिशोब करून बघा. कागदी तिकीट मशीनमधे शिक्का मारल्याशिवाय गाडीत चढायचं नाही, गेट नसतं म्हणून लोक विसरतात, तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड 60 युरो.

शेवटची संध्याकाळ टेंपेलहोफर फेल्डला घालवा. जुना विमानतळ, 2008 मध्ये बंद झाला, 2010 पासून लोकांना मोकळा, आणि 2014 मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तिथे घरं बांधू दिली नाहीत. धावपट्टीवर पोरं सायकली आणि पतंग घेऊन असतात, उजेड साडेनऊपर्यंत असतो, आईंना बसायला सतरंजी न्या आणि उरलेल्या दशम्या तिथे संपवा. दुसऱ्या दिवशी विमानतळाला जाताना तिकीट एबीसी झोनचं घ्या, एबीचं चालत नाही, विमानतळ सी मधे येतो.